मागे वळायची मुभा नाही

पाठलाग म्हणजे वेग, असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. जो जोरात पळेल तो पकडेल. खो-खो हा समज पहिल्याच मिनिटाला मोडून काढतो. इथे पाठलाग करणाऱ्या मुलीने एकदा दिशा घेतली की तिला मागे वळता येत नाही. मैदानाच्या मधोमध आखलेली पाटी तिला ओलांडता येत नाही. पलीकडे जायचंच असेल तर टोकाच्या खांबाला वळसा घालून जायचं. आणि जिला पकडायचं तिला? ती वळेल, थबकेल, उलटी फिरेल, मधल्या पाटीतून हवी तितक्या वेळा आरपार जाईल. सीमारेषेच्या आत राहायचं आणि बसलेल्या मुलींना धक्का लावायचा नाही, एवढं पाळलं की सगळं मैदान तिचं.

हे नियम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल, अशा खेळात कुणी बाद व्हायचंच नाही. पण १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात, पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, भारताच्या मुलींनी पहिल्या सात मिनिटांत नेपाळविरुद्ध ३४ गुण घेतले. एका गड्याला दोन गुण. म्हणजे ४२० सेकंदांत १७ गडी, दर पंचवीस सेकंदाला एक. समोरच्या मुली काही नवख्या नव्हत्या, आशिया खंडात भारताला खरी झुंज देणारा संघ म्हणजे नेपाळ.

पाय बांधल्यासारखे नियम असताना हे जमतं कसं, हा प्रश्न मला या खेळाच्या अगदी मुळाशी घेऊन जातो. उत्तर शोधायला लागलं की लक्षात येतं, खो-खोत एकटी मुलगी कधीच पाठलाग करत नसते. पाठलाग करत असते ती संपूर्ण रांग.

नेहमीच्या खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना साधारण छातीपर्यंत येणारे, १२० सेंटिमीटर उंचीचे दोन खांब. त्यांना जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची मधली पाटी, आणि त्या पाटीवर आठ चौकोनांत आठ मुली बसलेल्या. नववी उभी, ती पाठलागावर. बसलेल्या आठजणींची तोंडं एकीआड एक विरुद्ध दिशांना. पहिलीचं तोंड उत्तरेला तर दुसरीचं दक्षिणेला, तिसरीचं पुन्हा उत्तरेला. खो नेहमी पाठीमागून द्यायचा, पाठीला हाताचा स्पर्श आणि तोंडाने 'खो' हा उच्चार, दोन्ही एकाच वेळी.

आता गंमत पाहा. पाठलाग करणारी मैदानाच्या उत्तर भागात धावते आहे आणि पळणारी पाटीतून सटकून दक्षिणेला गेली. पाठलाग करणारीला मागे जाता येत नाही. तिने खो द्यायचा तो तिच्याकडे पाठ असलेल्या मुलीला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या चौघींपैकी एकीला. बाकीच्या चौघी त्या क्षणी उपयोगाच्या नाहीत. नऊजणींचा संघ, पण कुठल्याही एका क्षणी पाठलाग चौघींपैकीच कुणाच्या तरी हाती सोपवता येतो. पळणारी पुन्हा उत्तरेला गेली की त्या चौघी बाद आणि दुसऱ्या चौघी कामाच्या. सोपवणारी लगेच उठलेलीच्या जागी बसते, त्याच दिशेला तोंड करून. दर काही सेकंदांनी सगळा हिशेब नव्याने मांडायचा, आणि तोही धावता धावता.

पळणारीला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती साखळीचा खेळ खेळते. धावदोरा घालताना सुई जशी कापडाच्या खालून वर, वरून खाली जाते, तशी ती बसलेल्या दोघींच्या मधून एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला निघत राहते. दर ओलांडणीला आक्रमकांना खो द्यावा लागतो. खो दिला की जी उठते तिचा वेग शून्यापासून सुरू होतो. पळणारीचा वेग तर मोडलेलाच नसतो. अतिशय वेगवान मुलींचा संघ समोर असला तरी साखळी त्याचं रूपांतर करून टाकते बसल्या जागेवरून घेतलेल्या सुरुवातींच्या एका लांबच लांब मालिकेत. वेगाला वेगाने उत्तर न देता त्याची सुरुवातच पुन:पुन्हा मोडायची! ही युक्ती कुणाला पहिल्यांदा सुचली असेल ते कळायला मार्ग नाही, पण ज्या कुणाला सुचली त्या व्यक्तीला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

आक्रमणाचं उत्तरही तितकंच हुशार. पळणारी ओलांडून गेल्यावर खो देणं म्हणजे उशीर. ती ओलांडणार हे ओळखून, ती पाटीत शिरायच्या क्षणाला खो द्यायचा, की ती बाहेर पडते तोवर समोर नवी मुलगी उठलेली. किंवा खो न देता नुसती हूल द्यायची, पाठीपर्यंत हात न्यायचा आणि ओढून घ्यायचा. पळणारीचं वजन एका पायावर गेलेलं असतं, तेवढ्यात झडप. किंवा तिला हळूहळू खांबाकडे ढकलत न्यायचं, कारण खांबाच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात पाठलाग करणारीची बंधनं सुटतात. खांबाला एका हाताने धरून, अंग हवेत झोकून देऊन दुसऱ्या हाताने गडी टिपायचा हा तिथला शेवटचा घाव. पंच हे सगळं चालू असताना काय पाहत असतात? पाठलाग करणारीचे खांदे. दिशा घेतल्यावर खांद्यांची रेषा ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिरली की नियमभंग. पाय खोटं बोलू शकतात, खांदे लपत नाहीत.

आमच्या जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मी हे बसणं जवळून पाहिलं आहे. सातवी-आठवीतली मुलगी. उकिडवी बसलेली, एक पाय पुढे, एक मागे, बोटांची टोकं जमिनीला टेकलेली. नजर समोरच्या अर्ध्या मैदानावर. मागच्या अर्ध्यात काय चाललं आहे ते तिला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पावलांची धपधप जवळ येते, दूर जाते. प्रत्येक वेळी तिच्या मागच्या पायाची टाच उचलली जाते आणि खो न मिळाल्याने परत खाली येते. मिनिटभरात तिने तसं कितीतरी वेळा केलं असेल, आणि एकदाही उठली नाही. मग पाठीवर थाप पडली. थापेचा आवाज आणि तिचं पहिलं पाऊल यांच्यात मला तरी फट सापडली नाही. प्रेक्षकाची नजर नेहमी धावणारीच्या मागे जाते. या खेळात बसलेलीकडे बघावं.

विश्वचषकात हा खेळ थोडा आटोपशीर केला होता. सात-सात जणींचे संघ, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, दोन आक्रमणाच्या, दोन संरक्षणाच्या. आक्रमकांमध्ये एक 'वजीर', जिला खो मिळाल्यावर कुठल्याही दिशेला वळायची मुभा. आणि संरक्षणासाठी एक नवं बक्षीस. पळणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात. एखादी तुकडी तीन मिनिटं टिकली तर तिच्या संघाला एक गुण, आणि त्यापुढे दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. याला 'ड्रीम रन' म्हणतात. जुन्या जाणत्यांना हे बदल फारसे रुचले नाहीत. वजीर तर मलाही नकोसा वाटतो, कारण मागे न वळण्याचं बंधन हाच या खेळाचा प्राण आहे. पण टिकून राहण्याला गुण देण्याचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

१३ ते १९ जानेवारी अशी आठवडाभर ही स्पर्धा चालली. महिलांचे १९ संघ. त्यांत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान हे शेजारी होतेच, पण केनिया, युगांडा, जर्मनी, नेदरलँड्स, पोलंड आणि पार दक्षिण अमेरिकेतलं पेरूसुद्धा. पेरूच्या मुली उकिडव्या बसून 'खो'ची वाट पाहताहेत, हे दृश्य आपल्या आजीला सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

भारताच्या मुली १४ तारखेला पहिल्यांदा उतरल्या आणि दक्षिण कोरियाला १७५–१८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी इराण, १००–१६. तिसऱ्या दिवशी मलेशिया, १००–२०. १७ तारखेला उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेश, १०९–१६. १८ ला उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका, ६६–१६. आणि १९ ला नेपाळ, ७८–४०. सलग सहा दिवस, सहा सामने, भारताचे ६२८ गुण, प्रतिस्पर्ध्यांचे सगळे मिळून १२६.

हे आकडे बघताना डोळे दिपतात ते १७५ या आकड्याने. वर्तमानपत्रांनीही तोच मोठ्या अक्षरांत छापला. माझी नजर मात्र दुसऱ्या बाजूच्या रांगेवर अडकली. १८, १६, २०, १६, १६. पहिल्या पाच सामन्यांत भारताचं आक्रमण ६६ ते १७५ असं कुठच्या कुठे हेलकावे खातं. समोरचा संघ कसा आहे त्यावर ते कमी-जास्त झालं, आणि ते साहजिक आहे. संरक्षण मात्र तसूभर हललं नाही. कोरिया असो की दक्षिण आफ्रिका, कुणालाही आठ ते दहा गड्यांपलीकडे काही मिळालं नाही. प्रत्येक संघाला आक्रमणाची एकूण चौदा मिनिटं मिळतात. चौदा मिनिटांत आठ गडी, म्हणजे एका गड्यामागे पावणेदोन मिनिटं झिजायचं. विश्वचषक जिंकला तो या रांगेने, असं माझं ठाम मत आहे.

मराठी वर्तमानपत्रांतल्या खो-खोच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील तर त्यांची एक लकब ओळखीची असेल. खेळाडूच्या नावापुढे कंसात मिनिटं येतात. २.१० मि. संरक्षण, आणि मग किती गडी बाद केले ते. क्रिकेटमध्ये धावा जशा, तशी इथे आधी मिनिटं. दोन मिनिटं दहा सेकंद, यात काय मोठंसं, असं वाटून नजर पुढे सरकते. स्वतः करून पाहा. १६ मीटर रुंदीच्या पट्ट्यात, ताज्या दमाने उठणाऱ्या मुली एकामागून एक अंगावर येत असताना, दर तीन-चार पावलांना दिशा बदलत, पूर्ण ताकदीने दोन मिनिटं. ४०० मीटर धावणारी स्त्री जागतिक दर्जाची असेल तर पन्नासेक सेकंदांत मोकळी होते, आणि तिला वाटेत एकदाही थांबून उलट फिरावं लागत नाही. धावताना प्रत्येक वळणाला आधी सगळा वेग घोट्या-गुडघ्यांवर झेलून थांबवायचा आणि मग तोच वेग दुसऱ्या दिशेला नव्याने उभा करायचा, याला साध्या धावण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. डोळ्यांना दिसलं आणि पाय हलला यांच्यामध्ये माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतोच. हात पाठीकडे जाताना दिसला, तो खो आहे की हूल, हे ठरवायला पळणारीकडे जवळपास तेवढाच वेळ असतो.

आता अंतिम सामन्याकडे पुन्हा येऊ. पहिल्या पाळीनंतर ३४–०. दुसऱ्या पाळीत नेपाळने आक्रमण केलं आणि २४ गुण घेतले. सबंध सामन्यात अख्ख्या चौदा मिनिटांत आधीच्या पाच संघांपैकी एकालाही जे जमलं नव्हतं ते नेपाळने सात मिनिटांत केलं, बारा गडी. भारताला त्या पाळीत ड्रीम रनचा एकच गुण मिळाला. ३५–२४. अकरा गुणांचं अंतर म्हणजे जेमतेम सहा गड्यांचं. स्पर्धेत पहिल्यांदाच भारताच्या मुलींच्या मागे कुणीतरी खरोखर लागलं होतं. तिसऱ्या पाळीत भारताने आणखी ३८ गुण जोडून ७३–२४ अशी स्थिती केली. शेवटच्या पाळीत नेपाळला चमत्कारच लागणार होता.

तो घडू दिला नाही चैत्रा बी. हिने. मैसूर जिल्ह्यातल्या कुरुबूर गावची ही मुलगी. तिच्या तुकडीने ५ मिनिटं १४ सेकंद मैदान सोडलं नाही. गुणांचा हिशेब इथे बोटांवर करता येतो. तीन मिनिटांना एक, साडेतीनला दुसरा, चारला तिसरा, साडेचारला चौथा, पाचला पाचवा. ७३ चे ७८ झाले ते असे, एकही गडी बाद न करता. सातांपैकी सव्वापाच मिनिटं एकाच तुकडीने खाल्ल्यावर बाकी सगळ्या तुकड्यांसाठी नेपाळकडे उरलं एक मिनिट ४६ सेकंद. नेपाळला त्या पाळीत १६ गुण मिळाले आणि सामना ७८–४० वर संपला. चैत्रा सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू ठरली, अंशू कुमारी सर्वोत्तम आक्रमक, आणि सर्वोत्तम संरक्षक नेपाळची मनमती धामी. हरलेल्या संघातल्या मुलीचं संरक्षण परीक्षकांच्या नजरेतून सुटलं नाही, हे मला फार आवडलं.

स्त्रियांच्या खेळातली ही चिवट सहनशक्ती बघताना मला जपानच्या सॉफ्टबॉल संघाची हटकून आठवण होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये युकिको उएनो या गोलंदाज मुलीने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले. २० ऑगस्टला एकाच दिवशी दोन सामने, दोन्ही जादा डावांत गेलेले, ३१८ चेंडू. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५. समोर अमेरिका, ऑलिंपिकमध्ये सलग २२ सामने न हरलेली. जपान ३–१ असं जिंकलं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू सुटतो तो फलंदाजापासून जेमतेम १३ मीटरवरून, आणि एका बेसपासून दुसरा बेस असतो १८ मीटरवर. खो-खोच्या मैदानात आरामात मावतील अशी ही अंतरं. लहान जागा आणि त्याहून लहान वेळ, यांत स्त्रिया काय करू शकतात हे जगाला नीट दिसायला फार उशीर झाला. सॉफ्टबॉल तर ऑलिंपिकमध्ये कधी असतो, कधी वगळला जातो. खो-खो अजून तिथे दारातही पोहोचलेला नाही.

खेळ म्हणून खो-खोला नियमांची चौकट मिळाली ती मराठी माणसांच्या हातून. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बसवले, दहाएक वर्षांनी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यांना आणखी घट्टपणा दिला. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि लगेच पुढच्या मोसमात कोल्हापूरला महिलांची. १९७१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला अचला देवरे यांना, त्या खेळायच्या गुजरातकडून. १९७५ मध्ये महाराष्ट्राच्या उषा नगरकर यांना. नंतर मात्र एक काळ असा आला की अर्जुन पुरस्कारांच्या यादीत खो-खो शोधूनही सापडेना. तो दुष्काळ २०२० मध्ये मोडला तो आमच्या मराठवाड्याच्या मुलीने, धाराशिवच्या सारिका काळे हिने. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. घरात दोन वेळचं जेवण मिळेल याची खात्री नसलेल्या दिवसांत तिने हा खेळ केला, हे तिने स्वतः सांगितलं आहे. पुढे ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली.

जालन्याहून अंबडमार्गे दक्षिणेला निघालं की शहागडला गोदावरी लागते. पूल ओलांडला की बीड जिल्हा. तोच महामार्ग पुढे बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येडशी करत धाराशिवला आणि तिथून तुळजापूरला जातो. मांजरसुंब्याहून एक फाटा केजकडे वळतो. विश्वचषक उंचावणारी भारताची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची त्या केज तालुक्यातली, वाढली आणि खेळ शिकली पिंपरी-चिंचवडमध्ये. तिच्याच संघातली अश्विनी शिंदे धाराशिवची. नकाशावर बोट ठेवून बघा, एका रस्त्याच्या अंगाखांद्यावर भारतीय खो-खोचा केवढा मोठा तुकडा बसलेला आहे. तो रस्ता आपल्या जिल्ह्यातूनही जातो. विश्वचषकानंतर राज्य शासनाने प्रियांकाला आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर याला प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. खो-खो खेळून मुलीचं काय भलं होणार, या प्रश्नाला गावोगावच्या मैदानमास्तरांकडे आता दाखवायला उत्तर आहे.

धाराशिवला हे आपोआप झालेलं नाही. मैदान रोज राखावं लागतं, मुली रोज याव्या लागतात, आणि त्यांना सुरक्षित घरी पोचवणारं कुणीतरी रोज लागतं. त्यात आपली जमीन वेगळीच अडचण करते. जालन्याची काळी माती कापसाला चांगली, पण पावसात फुगते, पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगेत अडकून घोटा मुरगळला की मुलगी महिनाभर घरी. म्हणून मैदानावर मुरूम आणि तांबडी माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून पृष्ठभाग धरावा लागतो. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मॅटवर सूर मारला तर कोपर सोलतं, पण दगड लागत नाही, आणि पायाची पकड पूर्ण वेगळी. मातीत वाढलेल्या मुलीला मॅटवर तीच साखळी नव्याने बसवावी लागते. गावातल्या शाळेला मॅट परवडणारी नाही. दोन खांब, चुन्याची फक्की आणि चार-दोन ट्रॉल्या मुरूम मात्र कुठल्याही ग्रामपंचायतीला झेपण्यासारखा खर्च आहे.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. १७५–१८ हा निकाल खेळाच्या भल्याचा नाही. जिंकणाऱ्या मुलींचा त्यात दोष काडीचा नाही, त्यांनी समोर आलेला सामना पूर्ण ताकदीने खेळला. पण जगात हा खेळ रुजायचा तर ६६–१६ चे ५०–३० व्हायला हवेत, आणि त्यासाठी आपल्या प्रशिक्षकांनी केनियाला, पेरूला, पोलंडला जाऊन साखळी शिकवायला हवी. जपानने सॉफ्टबॉल अमेरिकेकडूनच घेतला आणि तिलाच हरवलं, तेव्हा त्या खेळाची रंगत वाढली. खो-खोत नेपाळ त्या वाटेवर आहे. दुसऱ्या पाळीतले ते बारा गडी हा या स्पर्धेतला माझ्या लेखी सगळ्यात आशादायक क्षण, भारताचा पाठीराखा असूनही.

पावसाळा सरत आला की तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा सुरू होतात. मुलांच्या सामन्यांना गर्दी असते, मुलींच्या सामन्याला बहुतेकदा शिक्षक आणि बदली खेळाडू. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, जिथे असाल तिथे मुलींचा सामना ठरवून बघायला जा. घरातल्या मुलीला सोबत न्या. बसलेल्या मुलींची तोंडं कुठे आहेत ते तिला दाखवा, कुणाला खो जाईल ते आधी ओळखायला सांगा. आणि गावच्या शाळेत खांब नसतील, तर येत्या ग्रामसभेत तो विषय तुम्हीच मांडा.